मुकादमाचा ओठ

त्या वस्तीतल्या निम्म्या वृद्धांचे हसू ज्यांच्या हातचे होते, त्या गृहस्थांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर तोंडाचे माप घेऊन पाठवत आणि कवळीवाले घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या मापावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाचा जबडा आणि मेणावरून गुलाबी हिरड्यांची, चकचकीत दातांची कवळी घडवत. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. पहिल्यांदा येणारा माणूस ते पाहून दारातच थबके. कवळीवाल्यांना त्याची मौज वाटे.

"या, या. यांतला एकही चावत नाही आणि एकही उलट बोलत नाही," ते म्हणत. "असं कुटुंब मिळायला भाग्य लागतं."

वय झाले तरी त्यांचा हात थरथरत नव्हता. रस्त्यात भेटलेल्या माणसाचे नाव आठवले नाही तरी त्याने बोलायला तोंड उघडले की ओळख पटे. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. "दात खोटे करतो, काम खोटं करत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. सुनेच्या मते ते दारावर लिहूनच घ्यायला हवे होते. निदान घशाला विश्रांती मिळाली असती.

त्यांच्या मेजाखाली मुकादम झोपत असे. तांबूस रंगाचा, रुंद छातीचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा हा कुत्रा पिल्लू असताना घरात आला आणि त्याने पहिल्याच आठवड्यात आपले नाव स्वतः कमावले. मुलगा पंखा उघडून बसो की सून लादी पुसो, हा समोर येऊन बसणार आणि काम संपेपर्यंत हलणार नाही. स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, पण नजर अशी की काम करणाऱ्याला वाटावे, आज हजेरी लागते आहे. कवळीवाल्यांना त्याच्या दातांचे भारी कौतुक. कसायाकडून ते त्याच्यासाठी नळीची दणकट हाडे आणत आणि कोणी भेटायला आले असेल तर मध्येच बोट वर करून त्या पाहुण्याला गप्प करत. "ऐका," ते म्हणत. मेजाखालून कडाकडा आवाज येई. "हा एकटा असा आहे, ज्याला माझी गरज कधी पडायची नाही."

दिव्याखाली अंधार असतो तो असा. मुकादम एकाच बाजूने चावू लागला, त्याच्या तोंडातून घास खाली पडू लागला, तोंडाला वास येऊ लागला, आणि हे सगळे ज्यांच्या पायाशी घडत होते ते दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांवर वाकलेले होते.

एका सकाळी नात चिमी शाळेत निघताना नेहमीप्रमाणे मुकादमाच्या गळ्यात पडली आणि तिने आपला गाल त्याच्या गालाला घट्ट लावला. मुकादम गुरगुरला. तसा तो कधी गुरगुरत नसे, म्हणून चिमीला ते गाणेच वाटले. तिने आणखी घट्ट मिठी मारली. पुढच्या क्षणी त्याचा जबडा तिच्या मनगटापाशी वाजला. बाही फाटली, कातडीवर एक लाल रेघ उमटली, एवढेच. पण चिमीच्या आईने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले होते.

ती ओरडली नाही. तिने मुलीला उचलले, मनगट साबणाने नळाखाली बराच वेळ धुतले आणि तिला सरळ दवाखान्यात घेऊन गेली. मुकादमाच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या होत्या, हीही तिचीच कामगिरी. परत आल्यावर ती सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"बाबा, त्याला बाहेर बांधा."

"अगं, त्याने चावा घेतला नाही. नुसतं दटावलं."

"आज दटावलं. उद्या?"

"माझ्या डोळ्यांसमोर वाढलाय तो."

"चिमी माझ्या पोटात वाढलीय," सून म्हणाली.

ती मुलांना पोहायला शिकवत असे. शहराच्या तलावावर रोज सकाळ-संध्याकाळ पाचपन्नास पोरे तिच्या भरवशावर पाण्यात उतरत, आणि कोणत्या क्षणी काय होऊ शकते याचा अंदाज घेणे हाच तिचा व्यवसाय होता. मुलगा लिफ्टची दुरुस्ती करी. वर गेलेली गोष्ट खाली आणायची सवय असल्यामुळे त्याने दोघांचाही आवाज खाली आणला आणि आधी कुत्र्याला डॉक्टरला दाखवावे असे ठरवले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी मुकादमाला गुंगीचे औषध दिले, ओठ वर केला आणि बॅटरीचा उजेड टाकला.

"काका, हा वरचा मोठा दात मधोमध चिरलाय. मुळाशी पू झालाय. डोळ्याखाली ही सूज दिसते ना? याच गालाला मुलीने गाल लावला असणार."

कवळीवाले वाकून पाहू लागले. चीर खरोखरच स्पष्ट होती. एखाद्या शिकाऊ माणसालाही दिसावी इतकी.

"हाडं चघळतो का? कडक?"

मुलगा छताकडे पाहू लागला.

"दात मजबूत होतात म्हणून देतो," कवळीवाले म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

"मजबूत होत नाहीत, फुटतात. ज्या वस्तूवर तुमचं नख दाबून खूण उमटत नाही, ती त्याच्या तोंडात द्यायची नाही. एवढं साधं लक्षात ठेवा." डॉक्टरीणबाईंच्या स्वरात दोष देणे नव्हते. "हा दात काढावाच लागेल. बाकीच्या हिरड्याही लाल आहेत. आज मी सगळे स्वच्छ करते, पण पुढे घरी रोज साफ केले नाहीत तर हेही एकेक करून जातील. जखम भरली की सुरुवात करा. माणसांची पेस्ट अजिबात वापरायची नाही, त्याच्या पोटात जाते. आणि कसं करायचं ते दाखवते, इकडे या. आधी असा हात..."

"दातांचं मला नका दाखवू, डॉक्टर," कवळीवाले म्हणाले. "जन्म गेलाय त्यात."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले, आणि त्या हातमोजे घालू लागल्या.

घरी आल्यावर सुनेने आपले म्हणणे शांतपणे मांडले. तलावावर येणाऱ्या एका गोदामवाल्याला राखणीसाठी कुत्रा हवा होता. मोकळी जागा, वर छप्पर, दोन वेळचे खाणे. माणूस भला होता.

"दुखत होतं म्हणून त्याने तसं केलं, हे मला समजतं. पण उद्या पुन्हा दुखेल तेव्हा आपल्याला कळणार कसं? तो तोंडाला हातच लावू देत नाही. डॉक्टरांनाही गुंगी द्यावी लागली. ज्याच्या तोंडात काय चाललंय ते बघता येत नाही, त्याच्याजवळ मी चिमीला एकटी सोडू शकत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत त्याने शुद्धीवर असताना तोंड दाखवलं, तर तो इथे राहील. नाहीतर मी त्यांना हो म्हणणार."

"ठरलं," कवळीवाले म्हणाले. त्यांना वाटले, एवढेच ना. प्रश्न दातांचा होता, आणि दातांचा प्रश्न त्यांच्या हातून कधी अडला नव्हता.

जखम भरली तशी ते कामाला लागले. तोंड साफ करायचे तर ते उघडे राहायला हवे. उघडे राहायचे तर जबड्यात काहीतरी आधार हवा. आणि आधार हवा तर तो अचूक मापाचा हवा. या विचारसरणीत त्यांना कुठेही खोट दिसेना. माप घेण्यासाठी त्यांनी मुकादमाला एक मोठा उकडलेला बटाटा दिला, त्याने एक लचका तोडताच उरलेला बटाटा झटकन काढून घेतला आणि त्यावर उमटलेल्या दातांच्या खुणांत प्लास्टर ओतले. मुकादम पुढ्यातून निघून गेलेल्या बटाट्याकडे पाहत राहिला. एवढ्या वर्षांच्या देखरेखीत असा कारभार त्याने पाहिला नव्हता.

मग कित्येक संध्याकाळी मेणाची पट्टी तापत राहिली, फिरते चाक घरघरत राहिले. शेवटी जी वस्तू तयार झाली ती बघण्यासारखी होती. दोन्ही जबड्यांच्या मध्ये बसणारा, कडा गोल केलेला, सुळ्यांसाठी खाचा असलेला गुलाबी ठोकळा. बोट फिरवले तर कुठे नावालाही खरखर नाही.

"याला म्हणतात काम," कवळीवाले मुलाला म्हणाले. "बोलाव सगळ्यांना."

"बाबा, आधी एकदा एकट्यानेच..."

"अरे, बोलाव तर खरं."

सून चिमीला घेऊन दारात उभी राहिली. कवळीवाल्यांनी मुकादमाला मांड्यांमध्ये धरले, एका हाताने वरचा जबडा, दुसऱ्याने खालचा, असा फळीवरचा साचा उघडावा तसा उघडला आणि ठोकळा आत बसवला. तो तंतोतंत बसला. एक क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. पुढच्या क्षणी मुकादमाने असा काही हंबरडा फोडला की चिमीने कान झाकले. तो मागे सरकला, मेजावर आदळला, फळीवरचे दोन जबडे खाली येऊन फुटले, तोंडातला ठोकळा पंजांनी ओरबाडून त्याने बाहेर टाकला आणि जमिनीवर ओली रेघ सोडत तो पलंगाखाली जाऊन बसला.

मुलाने फडके आणले.

"आजोबा, त्याला सू झाली," चिमी हळूच म्हणाली.

"हो गं बाळा."

"तो तुम्हाला भ्यायला?"

कवळीवाल्यांनी ठोकळा उचलला. त्यावर दाताचा ओरखडासुद्धा नव्हता. काम पक्के होते.

त्या दिवसापासून मुकादम मेजाखाली आला नाही. कवळीवाल्यांनी हाक मारली की तो शेपटी पोटाशी घेऊन दारापर्यंत येई, उंबऱ्यावर थांबे आणि नजर चुकवून परत जाई. फिरते चाक चालू झाले की पलीकडच्या खोलीत उठून जाई. कवळीवाले काम करत, पण पायांना काहीतरी चुकल्यासारखे होई. सुनेने गोदामवाल्याचे नाव पुन्हा काढले नाही. ते न काढणेच त्यांना जास्त लागे.

असाच एकदा चिमीचा टॉवेल घरी राहिला म्हणून ते तो घेऊन तलावावर गेले. सून पाण्यात नव्हती. ती काठाच्या पायरीवर एका रडव्या पोराशेजारी बसली होती, आणि दोघांचे फक्त पाय पाण्यात होते. बाकीची पोरे डुंबत होती, दुसरे शिक्षक शिट्ट्या फुंकत होते, आणि ही आपली बसलेली. थोड्या वेळाने तिने ओंजळभर पाणी स्वतःच्या गुडघ्यावर ओतले. मग पोराकडे पाहिले. पोराने मान हलवली: नको. तिने ओंजळ खाली सोडून दिली आणि पुन्हा तशीच बसली. कवळीवाल्यांना वाटले, अशाने हे पोर लग्नाच्या वयात पोहायला शिकेल. पण आणखी थोड्या वेळाने पोरानेच तिची ओंजळ आपल्या गुडघ्यावर ओढून घेतली.

परतताना चिमी पुढे उड्या मारत होती.

"सूनबाई, त्याने नको म्हटलं आणि तू लगेच सोडलंस."

"मग काय करणार?"

"अगं, गुडघ्यावर तर पाणी. त्याने काय होणार होतं?"

"काहीच नाही. पण त्याने थांब म्हटलं आणि मी थांबले, हे त्याला आज कळलं. आता उद्या मी सांगितलं तर तो खोल पाण्यातही येईल." ती जरा थांबली. "एकदा फसवून ढकललं ना बाबा, की पोर पोहायला कदाचित शिकतं. पण पुन्हा तुमचा हात धरत नाही."

"मी ढकललं," कवळीवाले म्हणाले.

"हो," सून म्हणाली. गोड बोलून वेळ मारून न्यायचा तिचा स्वभाव नव्हता. "तुम्ही आयुष्यभर ज्या जबड्यांवर काम केलंत त्यांच्यामागे माणूस नसतो. तुमची चूक नाही ती. पण त्याच्या जबड्यामागे तो आहे."

घरी आल्यावर कवळीवाल्यांनी बैठकीच्या खोलीचे दार लोटून घेतले आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कोणाला शिकवण्यासाठी त्यांनी हजारदा फोन केला असेल. शिकण्यासाठी करायची वेळ बऱ्याच वर्षांनी आली होती.

"डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही काही दाखवत होतात. मी बघितलं नाही."

"हो, आठवतंय."

"आता सांगाल?"

"सांगते की. तोंड उघडायचं नाही."

कवळीवाल्यांना वाटले, ऐकण्यात काही चूक झाली. "म्हणजे साफ करताना..."

"तोंड बंदच ठेवायचं, काका. नुसता ओठ वर करायचा आणि दातांची बाहेरची बाजू पुसायची. आतली बाजू त्याची जीभ बरीचशी सांभाळते. कुत्र्याचं तोंड उघडायला गेलात की तुम्ही हरलात. ब्रशही लगेच नको. बोटाला ओलं, मऊ कापड गुंडाळा. कोंबडी उकडलेलं बिनमिठाचं पाणी असेल तर त्यात बुडवा, म्हणजे साहेबांना बोटाचीच गोडी लागेल. आणि हात धुऊन घ्या चांगले. तुमच्या कामातल्या त्या औषधाचा वास मला इथे दवाखान्यात येत होता, त्याच्या नाकाचं काय झालं असेल?"

कवळीवाल्यांनी फोन ठेवला आणि ते आपली बोटे हुंगत बसले. त्यांना कसलाच वास आला नाही. त्यांच्या मते हाताला असाच वास असतो.

दुसऱ्या दिवसापासून कवळीवाले पलंगाशेजारी जमिनीवर बसू लागले. सकाळचे काम हाती घेण्याआधी, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन. ते मुकादमाला बोलावत नसत. हात मांडीवर उपडा ठेवून बसत आणि चहा थंड होऊ देत. पहिल्यांदा तो आला तो हाताकडे नव्हे, बशीकडे. पुढे एकदा बोटाला लागलेले कोंबडीचे पाणी त्याने चाटले आणि लगेच दूर जाऊन बसला, जणू चाटले ते दुसऱ्याच कोणीतरी.

"काही प्रगती?" मुलगा जाता जाता विचारी.

"बोलणी चालू आहेत."

"मुकादमाशी बोलणी म्हणजे संपच."

कवळीवाले हसत, पण हात हलवत नसत. हा हात न हलवणे त्यांना फार जड गेले. त्यांच्या हाताला वस्तू दिसली की तिला आकार द्यायची सवय होती. गालाला हात लागला, मुकादमाने तोंड फिरवले, की बोटे आपोआप मागून जाऊ पाहत; मग ते दुसऱ्या हाताने पहिला हात धरून ठेवत. चिमीला तो खेळच वाटे. ती आईच्या मांडीवरून, लांबूनच, सांगे, "आजोबा, तो नको म्हणतोय."

"दिसतंय मला."

"मग थांबा."

"थांबलोय ना."

हळूहळू त्यांना खरोखरच दिसू लागले. कान किंचित मागे गेला म्हणजे विचार चालू आहे. जीभ नाकावर फिरली म्हणजे पुरे. डोळ्याचा पांढरा भाग दिसला म्हणजे आपण आधीच उशीर केला. इतकी वर्षे पायाशी झोपणाऱ्या प्राण्याच्या चेहऱ्यावर एवढे सगळे होते, आणि आपण फक्त त्याच्या दातांचा आवाज लोकांना ऐकवत होतो, याचे त्यांना नवल वाटले.

मधे एकदा सगळे ओमफस झाले. काढलेल्या दाताच्या रिकाम्या जागेवर बोट जरा जोरात लागले आणि मुकादम कळवळून पलंगाखाली गेला. कवळीवाले त्याच्यामागे वाकले नाहीत. नंतरचे काही दिवस पुन्हा उपड्या हातापासून सुरुवात झाली. पण या वेळी तो लवकर परतला. वाट माहीतली झाली होती.

मग एके सकाळी ओठ वर झाला. मुकादम बसलेला होता, कवळीवाल्यांचा तळहात त्याच्या हनुवटीखाली होता, आणि अंगठ्याने ओठ पडदा सरकवावा तसा बाजूला सरकला. आत दात मिटलेले. कापड गुंडाळलेले बोट त्यांच्यावरून गोल फिरले. एक, दोन फेऱ्या; जीभ नाकावर आली, बोट बाहेर. मुकादम जागचा हलला नाही. त्याने कवळीवाल्यांच्या बोटाकडे पाहिले, मग कोंबडीच्या पाण्याच्या वाटीकडे, आणि मग सगळ्या कामावर देखरेख करणाऱ्या त्याच जुन्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले. कवळीवाल्यांनी आजवर शेकडो कवळ्या केल्या होत्या. ज्यांना त्या गेल्या त्यांनी आरशात पाहून आभार मानले होते. पण असा ऊर त्यांचा कशानेही भरून आला नव्हता. हे काम त्यांचे एकट्याचे नव्हते, आणि म्हणूनच बहुधा.

तपासणीच्या दिवशी सून स्वतः बरोबर आली. दवाखान्याच्या पत्र्याच्या मेजावर चढवल्यावर मुकादम थरथरू लागला. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला बांधायची पट्टी उचलली.

"ती राहू द्या," कवळीवाले म्हणाले. "कोणी धरूही नका. मला जरा वेळ द्या."

ते मेजाशेजारी नुसते उभे राहिले. बाहेर रांगेत कोणाची तरी मांजर ओरडत होती. थोड्या वेळाने त्यांनी तळहात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. मुकादमाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मोठा श्वास सोडला आणि हनुवटी त्यांच्या तळहातावर आणून ठेवली. कवळीवाल्यांनी ओठ वर केला. एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा.

डॉक्टरीणबाई वाकल्या. लाल हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. जिथून दात काढला होता तिथली कातडी साफ भरून आली होती.

"अर्ध्या लोकांना जमत नाही हे," त्या म्हणाल्या. "बाकीचे अर्धे करतच नाहीत. कोणी शिकवलं त्याला?"

"त्याने मला," कवळीवाले म्हणाले. "मी जरा मंद विद्यार्थी निघालो."

त्यांनी सुनेकडे पाहिले. ती हसली होती, पण तिच्या कपाळावरची आठी पुरती गेली नव्हती, आणि ती का, हे त्यांना ती बोलायच्या आधीच कळले.

"बाबा, तुमच्या हाताला देतो. तुम्ही घरात नसताना काय? चिमीसोबत मी असते."

पूर्वीचे कवळीवाले असते तर म्हणाले असते, ठरलं होतं तेवढं झालं, आता शब्द फिरवू नकोस. त्यांनी तसे काही म्हटले नाही. शब्द तिने फिरवलाच नव्हता. तिला जे हवे होते ते पहिल्या दिवसापासून एकच होते. त्यांनी घरून आणलेल्या भांड्यातले ओले कापड तिच्या हातात दिले आणि ते मेजापासून दोन पावले मागे झाले.

"मी काही सांगत नाही," ते म्हणाले. "तुला माझ्यापेक्षा जास्त येतं."

तिने हात पुढे केला. चिमीची बाही फाटली त्या सकाळपासून तिने मुकादमाला खाऊ घातले होते, फिरवले होते, पण त्याच्या तोंडाजवळ तिचा हात गेला नव्हता. मुकादमाने मान फिरवली. तिने लगेच हात खाली घेतला आणि ती उभी राहिली, जशी ती पायरीवर बसत असे. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिले नाही. कवळीवाल्यांची बोटे स्वतःच्याच सदऱ्याचे बटण फिरवत राहिली. मुकादमाला एक हाक, एक चुटकी, एवढेच करायला हवे होते आणि तेच करायचे नव्हते.

मुकादमाचा उभा कान किंचित मागे गेला. मग त्याने सुनेचा हात हुंगला. तळहात, बोटे, नखे, काहीही न सोडता, तपासणीला आलेला मोठा अधिकारी जसा सगळे उलटून पाहतो तसा. आणि हनुवटी तिथे टेकवली.

तिने अंगठ्याने ओठ सरकवला. बोट आत गेले आणि दातांवरून सावकाश फिरले. मुकादमाने डोळे अर्धवट मिटले.

"आतून किती मऊ आहे हो," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. "आणि ऊन."

"आणि त्या मोकळ्या जागेवर?" कवळीवाल्यांनी विचारले. बोलायचे नाही असे ठरवूनही.

"तिथेही लावू देतोय."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने फोन काढला. "हो, मीच बोलतेय. त्या कुत्र्याचं विचारलं होतंत ना तुम्ही? नाही, नाही मिळणार. आजारी नाही हो. घरचा आहे." तिने फोन पिशवीत टाकला आणि मुकादमाचा पट्टा स्वतःच्या हातात घेतला.

घरापर्यंतचा रस्ता एरवी थोडक्यात संपे. त्या दिवशी संपेना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारले, "काय कवळीवाले, कुत्र्याला काय झालंय?" आणि कवळीवाले उभे राहिले.

"त्याला काय धाड भरलीय. तुम्हाला सांगतो, आमच्या सूनबाईंनी आज त्याच्या तोंडात हात घातला. पट्टी नाही, दोरी नाही. तो नको म्हणाला तर थांबली, आणि तो आपण होऊन आला. डॉक्टर बघत राहिल्या."

न्हाव्याने मान डोलावली. पुढे औषधाच्या दुकानदाराने विचारले नव्हते, तरी त्यालाही हे सांगणे झाले. मग टपाल घेऊन चाललेल्या बाईला. दर वेळी मुकादमाने मान फिरवल्याचा प्रसंग जरा लांबत गेला आणि सुनेचे धैर्य जरा वाढत गेले.

"बाबा, पुरे आता," सून पुढून म्हणाली. "ऐकून ऐकून त्याचा उभा कानही पडेल."

"हो, हो, चल," कवळीवाले म्हणाले, आणि भाजीवालीकडे वळले.

सुनेने मागे वळून पाहिले. तिने मुकादमाला सावलीत घेतले, दोघे तिथे उभे राहिले, आणि कवळीवाल्यांचे सांगून होईपर्यंत थांबले.